चौथा दगड

सोमवार, ७ जुलै १९२४

लिही, केझाया. मी म्हणते तसंच लिही, सुधारून लिहू नकोस.

ही वही मिस्टर प्रिडोंनी दिली. आमचे नवे पाळक. वय सव्वीस, कान मोठे, आणि सगळ्या बंदराला पवित्र करण्याची भलतीच घाई. काल उपासना संपल्यावर चॅपलच्या दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातात एकेक वही ठेवली. रोज आपला दोष लिहायचा आणि खाली सही करायची. मी म्हटलं, "साहेब, मला अक्षर येत नाही." तर म्हणाले, "मावशी, तुमची सून लिहील की." म्हणजे माझी पापं मी माझ्या सुनेला सांगायची. त्यापेक्षा धक्क्यावर उभी राहून ओरडले असते.

केझाया विचारते, हेसुद्धा लिहू का? लिही.

नियम तीन. पहिला, पाचला उठून आत्मपरीक्षण. आमच्याकडे पाचला माझ्या पोराची, एलायकिमची, होडी खाडीबाहेर गेलेली असते आणि माझा दुसरा चहा झालेला असतो. तेव्हा मला एक तास जास्त झोपायची परवानगी मिळाली असं मी धरते. दुसरा, आवडीची एक गोष्ट सोडायची. मी चहातली काकवी सोडली. हे मी कुठल्या तोंडाने बोलून गेले कोण जाणे. तिसरा नियम बुधवारी प्रार्थनेच्या वर्गात सांगणार.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रीतिभोजन, सगळ्यांनी मिळून पाव-पाणी घ्यायचं. त्याआधी वह्या तपासून तिमाहीची तिकिटं देणार. तिकीट नाही, तर त्या दिवशी आत पाऊल नाही. अडतीस वर्षांत माझं एकही तिकीट चुकलेलं नाही. सगळी चहाच्या डब्यात ठेवली आहेत. वाचता एकही येत नाही, पण म्हणून काय झालं.

आजचा दोष: पाळकांच्या कानांबद्दल बोलले.

बुधवार, ९ जुलै

तिसरा नियम ऐकला आणि मला काकवीची फार आठवण झाली.

जे माणूस आपल्याला डोळ्यांसमोर नको असतं त्याचं नाव वर्गात सर्वांपुढे घ्यायचं, आणि तिमाहीभर त्या माणसाची हाताने सेवा करायची. तोंड बंद ठेवून. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला सगळेच चालतात." तर आमचे वर्गनायक अझरायाकाका, म्हातारा सत्तरीचा, खाली बघत म्हणाले, "ट्रायफीना, अगं नाव घे. सगळ्यांना माहीत आहे." आणि अख्खा वर्ग खोकला.

घेतलं. ड्रुसिला.

घरी येताना केझाया म्हणते, "आई, बरं झालं. ती आजारीच आहे, छाती भरलीय. भावाचा मासा सुकवायला कुणी नाही." म्हटलं, मग तू जा. म्हणे, "मी नाव नाही घेतलं."

आजचा दोष: सुनेला मनातल्या मनात जे बोलले ते. ते लिहू नकोस.

गुरुवार, १० जुलै

मिस्टर प्रिडो इथे नवीन. त्यांना वाटेल म्हातारी उगीच अढी धरून बसली आहे. म्हणून खरं काय ते लिहून ठेव.

अकरा वर्षांपूर्वी ड्रुसिला या बंदरात आली, भावाचं घर सांभाळायला. उत्तरेकडच्या कुठल्याशा बोडक्या बंदरातली. लांब हातांची, कमी बोलणारी, आणि डावखुरी. सुरी अशी धरते की बघणाऱ्याचाच अंगठा दुखावा. त्याच वसंतात माझा नवरा समुद्रात गेला. होडी मिळाली, तो नाही. ड्रुसिला येऊन माझ्या चुलीजवळ बसायची. बोलायची नाही, नुसतं विणत बसायची. ते मला तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

ऑगस्टातल्या एका शनिवारी मी फांद्यांच्या माचावर मासा सुकत घातला होता. दिवस मावळायच्या आत त्याच्या चवडी रचून वर झाडाच्या साली घालून झाकायला हव्या होत्या. रचल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात मी कितीतरी गोष्टी आवरत नव्हते. रविवार उजाडला. रविवारी माशाला हात लावायचा नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. उपासना चालू असताना पाऊस आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. प्रभूचा दिवस आहे, प्रभू बघून घेईल, म्हणून बसले.

घरी येऊन बघते तर अर्धा मासा खराब झाला होता, पण अर्धा चवडी रचून, सालींखाली कोरडा! आणि रचण्याची तऱ्हा आमच्या बंदरातली नव्हे. आम्ही साली उजवीकडून चढवतो आणि वर तीन दगड ठेवतो. या साली डावीकडून चढवलेल्या, आणि दगड चार. चौथा बरोब्बर मध्यभागी. माणसाचं काम नव्हतंच ते. मी तिथेच माचावर गुडघे टेकले.

त्याच बुधवारी मी वर्गात उठून साक्ष दिली. नवरा गेल्यापासून चार माणसांत माझं ते पहिलं बोलणं. तेव्हापासून मी मासा त्याच रीतीने रचते, डावीकडून आणि चार दगड. अझरायाकाकांनी त्यावर प्रवचन केलं. तीन दगड पित्याचे, पुत्राचे, पवित्र आत्म्याचे, आणि मधला माणसाच्या अंतःकरणाचा. पलीकडच्या तीन बंदरांत ही साक्ष सांगतात.

आता ड्रुसिला. ती त्या रविवारी दात दुखतो म्हणून घरी राहिली होती. मी चॅपलमधून परतत होते तेव्हा ती वाटेत भेटली. ॲप्रन भिजून चिंब, हाताला मीठ आणि खवले. रविवारी! मी गप्प बसले असते, पण वर्गनायकाने विचारलं, आणि खोटं बोलणं पाप. ड्रुसिलाला विचारलं तर म्हणाली, "हो, लावला हात." पश्चात्ताप होतो का विचारलं, तर म्हणे, "नाही." तिकीट गेलं. आज अकरा वर्षं ती चॅपलमध्ये मागच्या बाकावर बिनतिकिटाची बसते, पण "चुकले" एवढा एक शब्द तोंडातून काढत नाही. मलाही तोंड दाखवत नाही.

आणि प्रभूचा न्याय बघा. रविवार मोडूनही तिचा स्वतःचा मासा सगळा नासला. एकही वाचला नाही.

केझाया, काय झालं? लिही पुढे.

आजचा दोष: काही नाही. आज फक्त खरं सांगितलं.

मंगळवार, १५ जुलै

सेवा सुरू. ड्रुसिलाचा माच खडकापलीकडे आहे. अकरा वर्षांत मी खडक ओलांडला नव्हता. गुडघ्यांनी तो हिशेब आज चुकता केला. ती खिडकीशी शाल पांघरून बसली होती. मला बघून म्हणाली, "तू?"

मला बोलायची बंदी, म्हणून मी मान हलवली.

"बोलत का नाहीस?"

मी आकाशाकडे बोट दाखवलं.

"पाळक वेडे आहेत का गं?" ती म्हणाली. मला याचं उत्तर फार द्यावंसं वाटलं. नाही दिलं. कुणी म्हणेल पवित्र होणं सोपं आहे, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

शंभर मासे उलटे केले. आजचा दोष: काकवीच्या बरणीचं झाकण उघडलं. फक्त वास घेतला.

गुरुवार, ३१ जुलै

पंधरा दिवस धुकं. सुकवणी बंद. घरात बसून आत्मपरीक्षण केलं तर केझायाचेच दोष सापडतात. मिस्टर प्रिडो घरी आले, वही चाळली, कानांचं वाचलं. कान लाल झाले आणि मग दिसायला आणखीच मोठे. पण हसले. म्हणाले, "मावशी, तुमचा मुख्य दोष जीभ." म्हटलं, "साहेब, हे कळायला वही लागली?"

आजचा दोष: वरचाच.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज माझा संताप ऐक, केझाया.

ड्रुसिलाला बरं वाटत होतं, म्हणून ती बाहेर आली आणि आम्ही दोघींनी मासा आवरला. तिने एक चवड रचली, मी शेजारी दुसरी. आणि बघते तर काय! साली डावीकडून. आणि चार दगड, चौथा मध्यभागी. माझी रीत! परमेश्वराने मला दाखवलेली रीत, ही बाई खुशाल चोरून बसली आहे. खडकावरून डोकावून शिकली असणार, दुसरं काय. मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून मी तिच्या चौथ्या दगडाकडे बोट दाखवलं आणि डोळे वटारले.

तिने माझी चवड पाहिली. मग म्हणाली, "तूही तसंच करतेस?"

मी छातीवर हात ठेवून मान डोलावली. म्हणजे काय, मीच तर.

तर ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "असू दे, ट्रायफीना. असू दे."

असू दे! चोरी, आणि वर मेहेरबानी.

केझाया, लेखणी का ठेवलीस?

शाई संपली म्हणते. दौत अर्धी भरलेली मला इथून दिसते आहे. मला अक्षर येत नाही, डोळे आहेत.

आजचा दोष: चार दगडांचा अभिमान. पण तो अभिमान योग्य आहे, हेही लिही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

केझाया हल्ली ड्रुसिलाकडे सूप घेऊन जाते. तिने नाव घेतलं नव्हतं, तरी जाते. विचारलं तर म्हणे, "सहज." माझ्या घरात सहज काही होत नसतं.

काकवीविना चहा म्हणजे समुद्र तापवून प्यायल्यासारखा. आजचा दोष: चिडचिड. दुपारपर्यंत सात वेळा. मग सोडून दिलं.

शनिवार, २० सप्टेंबर

ड्रुसिला पुन्हा अंथरुणात, ताप आहे. तिचा भाऊ होडीवर. सकाळी मीच तिचा सगळा मासा माचावर पसरला. हंगामातला शेवटचा, आणि सगळ्यात चांगला. यावरच त्यांचा हिवाळा जायचा.

संध्याकाळी आवरायला जाणार, तर अझरायाकाकांचं बोलावणं. शहरातून मोठे पाळक आले आहेत, त्यांना चार दगडांची साक्ष ऐकायची आहे. गेले. सांगितली. मोठ्या पाळकांनी पुन्हा सांगायला लावली. मीही जरा सविस्तर सांगितली. बाहेर आले तर काळोख, आणि काळोख पडला की आमचा रविवार लागला.

वाऱ्याचा रंग मला आवडत नाही. पण रविवार आहे. प्रभू बघून घेईल.

आजचा दोष: साक्ष थोडी लांबली.

सोमवार, २२ सप्टेंबर

रविवारी आम्ही लेखणीला हात लावत नाही, म्हणून कालचं आज.

उपासना चालू होती. मोठे पाळक बोलत होते. मी पुढून दुसऱ्या बाकावर, खिडकीजवळ. ढग खडकामागून वर आला. मागच्या बाकावर बघितलं, ड्रुसिलाची जागा रिकामी. तिचा भाऊ माझ्याकडे बघत होता. बोलणार काय? मासा मी पसरलेला.

मी स्वतःला म्हटलं, ट्रायफीना, आठ दिवसांवर तिकीट आहे. अडतीस वर्षं. बस खाली.

आणि बघते तर मी उभी होते. बाकांमधून चालले होते. अझरायाकाका दबक्या आवाजात म्हणाले, "ट्रायफीना! कुठे?" म्हटलं, "मासा भिजतोय." चॅपलमध्ये, प्रवचनाच्या मध्ये, मोठ्याने.

खडक कसा चढले माहीत नाही. पहिले थेंब आले होते. एक चवड रचली, साली डावीकडून, एक दगड, दोन, तीन. दुसरी रचली. तिसरी. हात दोन, माच केवढा, पाऊस वाढत चाललेला. अर्धा होईल, मनात म्हटलं, फार तर अर्धा होईल. चौथा दगड उचलला मध्यभागी ठेवायला, आणि तसाच हातात राहिला.

अर्धा.

माझा ॲप्रन भिजून चिंब झाला होता. हाताला मीठ आणि खवले.

मी तिथे पावसात किती वेळ उभी होते कोण जाणे. मूर्खासारखी, दगड धरून. मग तो ठेवला आणि राहिलेल्यातला जमेल तेवढा मासा आवरला, कारण रडत बसले असते तर तोही गेला असता.

आणि सरळ ड्रुसिलाच्या खोलीत गेले. अंगावरून पाणी गळत होतं माझ्या. बोलायची बंदी मोडली.

"तूच होतीस."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "काय मी?"

"माझा मासा. अकरा वर्षांपूर्वी. तूच रचलास."

"पाऊस आला होता," ती म्हणाली.

"आणि तुझा स्वतःचा?"

"तुझाच आधी आठवला."

"अर्धाच का? अकरा वर्षं मी डोकं फोडते आहे, प्रभूने अर्धाच का वाचवला. माझं अर्धं मन कुरकुरत होतं म्हणून, असं मी सांगत फिरले सगळीकडे!"

"दोनच हात होते गं मला."

"आणि चौथा दगड?"

"आमच्या बंदरात वारा फार," ती म्हणाली.

वारा! अझरायाकाकांनी त्यावर पाऊण तास प्रवचन केलं होतं.

"मी तुझं नाव सांगितलं वर्गात. तिकीट गेलं तुझं. एक शब्द बोलली असतीस तर!"

तेव्हा ती वळली. म्हणाली, "बोलायलाच आले होते त्या बुधवारी. तर तू उभी राहिलीस. चार महिने तुझ्या तोंडून शब्द नव्हता, ट्रायफीना. केझाया बिचारी घाबरली होती, ही आता नवऱ्यामागे जाते की काय. आणि तू उभी राहून बोलत होतीस, चेहरा असा उजळलेला. प्रभूने माझी आठवण ठेवली, म्हणत होतीस. मी उठून काय सांगू, की प्रभू नव्हता, मी होते? दात दुखणारी?"

"मग नंतर 'चुकले' तरी म्हणायचं. तिकीट मिळालं असतं."

"चुकले नव्हते," ती म्हणाली. "खोटं कसं बोलू? तेही वर्गात?"

मी तिची विझत आलेली चूल पेटवली आणि निघाले.

घरी येऊन केझायाला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणे, "दहा जुलैला शंका आली. नऊ ऑगस्टला खात्री." म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, "तुम्हीच म्हणालात, आई, मी म्हणते तसंच लिही, सुधारून लिहू नकोस."

या घरात सगळ्या बायका गप्प राहून पवित्र होतात. मी एकटीच बोलून बुडाले.

आजचा दोष: कुठून सुरू करू? जागा सोड.

गुरुवार, २५ सप्टेंबर

काल वर्ग. चॅपलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी उठून माझा चमत्कार परत घेतला. सगळं सांगितलं, दातदुखीसकट. ड्रुसिलावर ठपका मी ठेवला होता, आता मीच काढते, तिला अकरा वर्षांची तिकिटं द्या, म्हटलं.

अझरायाकाका संतापले. "ट्रायफीना, तीन बंदरांत लोक त्या दगडांवर विश्वास ठेवून आहेत!"

म्हटलं, "ठेवू देत. दगड चांगले आहेत. वारा फार असेल तिथे उपयोगी."

मिस्टर प्रिडोंनी माझी वही मिटली. मग मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, ड्रुसिलामावशींना चुकीचं ठरवल्याचा तुम्हाला पश्चात्ताप होतो?"

"होतो. मरेपर्यंत होईल."

"आणि परवा रविवारी तुम्ही माशाला हात लावलात, त्याचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक 'हो' म्हटलं असतं तर एकोणचाळिसावं वर्ष लागलं असतं. मला ते 'हो' जिभेवर जाणवत होतं, काकवीसारखं.

"मासा कोरडा आहे, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. नियम नियम आहे, म्हणाले. अझरायाकाका शेजारीच बसले होते. या तिमाहीला तिकीट नाही. दोघींनाही. पुढच्या तिमाहीला बघू.

आजचा दोष: पाळकांना बिचाऱ्यांना रडवलं. मला रडायला आलं नाही, याचं मलाच आश्चर्य.

सोमवार, २९ सप्टेंबर

काल प्रीतिभोजन झालं. अख्खं बंदर आत, एलायकिम आणि केझायासुद्धा. मी खडक ओलांडून गेले. ड्रुसिला शाल गुंडाळून पायरीवर बसली होती. मी डबा नेला होता, तिकिटांचा. म्हटलं, "ही घे. यातली अकरा वर्षांची तुझी आहेत."

"मला काय करायचीत? त्यावर तुझं नाव आहे."

"तुला वाचता येतं?"

"नाही. पण नाव तुझंच असणार ना?"

डबा दोघींच्या मध्ये ठेवला. वारा फार होता, म्हणून तिने झाकणावर दगड ठेवला. बरोब्बर मध्यभागी.

चॅपलमधून गाणं ऐकू येत होतं. आत आता पाव फिरवत असतील, आणि दोन कानांचा पाण्याचा पेला. ड्रुसिला आतून पाव घेऊन आली, डाव्या हाताने कापला, वेडावाकडा, आणि टोकाचा कडक तुकडा मला दिला. मी म्हटलं, "अकरा वर्षांचा सूड एवढाच?" ती म्हणाली, "दात आता माझे दुखत नाहीत. तुझे बघू."

मी विचारलं, अकरा वर्षं मी आभार चुकीच्या ठिकाणी मानत होते, त्यांचं काय झालं असेल? ती म्हणाली, "ठिकाण बरोबरच होतं. त्याने दातदुखी दिली नसती तर मी घरी कशाला राहिले असते?" म्हटलं, दातदुखीबद्दल उभं राहून साक्ष देता येत नाही. ती म्हणाली, "म्हणून तर मी बसून राहिले."

मग तिने चहा दिला. मी घोट घेतला आणि थांबले. काकवी. न विचारता, भरपूर. तिमाही उद्या संपते. दोनच दिवस उरले होते. ती माझ्याकडे बघत होती.

आजचा दोष: काकवी. पेला पूर्ण संपवला. मग दुसरा मागितला.

इथे सहीची फुली. आण, मीच करते.